पेशीला मधोमध आवळतं कोण?

प्रश्न: नमस्कार ताई, मी तासगावची, बारावी सायन्सला आहे. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड केली, ॲसिटोकार्मिन हा रंग टाकून, अंगठ्याने दाबून. एका ठिकाणी दोन केंद्रकांच्या मधे नवीन भिंत उभी राहताना दिसली, ते समजलं. पण प्राण्यांच्या पेशीबद्दल पुस्तकात एवढंच आहे की मधे खाच पडते आणि दोन पेशी होतात. खाच पाडतं कोण? बाहेरून तर कोणी दाबत नाही ना? आणि तुटताना आतलं सगळं सांडत कसं नाही? वर्गात विचारलं तर उत्तर आलं, परीक्षेला एवढं येत नाही.

उत्तर: परीक्षेला नसेल येत, पण प्रश्न भारी आहे गं. पुस्तकांनी या भागावर जरा अन्यायच केलाय, गुणसूत्रांची चार-चार चित्रं रंगवायची आणि पेशी प्रत्यक्ष दोन होते तो भाग शेवटच्या दोन ओळीत उरकायचा.

तर आवळणारी पेशी स्वतःच. गुणसूत्रं दोन टोकांकडे निघाली की पेशीच्या आवरणाच्या लगेच आत, बरोबर कमरेवर, एक कडं तयार होतं. त्यात ॲक्टिन या प्रोटीनचे अतिशय बारीक धागे असतात आणि मायोसिन नावाचं दुसरं प्रोटीन असतं. ही नावं तू स्नायूंच्या धड्यात वाचली असशील, दंड फुगवताना जे मायोसिन राबतं त्याचंच भावंड इथे असतं. ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून ॲक्टिनचे धागे एकमेकांवरून सरकवतं, कडं लहान होत जातं, आणि ते आवरणाला आतून धरून असल्यामुळे आवरण पण सोबत आत ओढलं जातं. तीच तुझी खाच. सलवारीच्या नाडीसारखं म्हण हवं तर, फक्त नाडी ओढली की उरलेली बाहेर लोंबते, इथे तसं होत नाही, आवळता आवळता कड्यातले धागे सुटून पेशीद्रव्यात परत जात राहतात, म्हणून कडं लहान होतं पण जाड होत नाही.

हे नुसतं अंदाजाने म्हणत नाहीत बरं का. 1977 मध्ये माबुची आणि ओकुनो या जपानी शास्त्रज्ञांनी तारामाशाच्या अंड्यात मायोसिनला जखडून ठेवणारी अँटिबॉडी टोचली. केंद्रकं आपली विभागत राहिली, पेशी मात्र फुटेना.

आता कडं मधोमधच का बसतं? मला विचारशील तर या सगळ्यातला सगळ्यात मजेदार प्रयोग इथेच आहे. रे रॅपापोर्ट नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ, 1961 साल. त्यांनी सँड डॉलर या चपट्या सागरी प्राण्याचं अंडं घेतलं आणि काचेची बारकी गोळी त्याच्या मधे अशी दाबून बसवली की अंड्याचं मेदूवडा झालं. पहिल्या विभाजनात एकाच बाजूला खाच पडली, म्हणजे मिळाली घोड्याच्या नालेच्या आकाराची एकच पेशी, दोन केंद्रकं असलेली. पुढच्या विभाजनात दोन्ही केंद्रकांच्या जागी खाच पडली ती अपेक्षितच, पण तिसरी खाच नालेच्या वळणावर पडली जिथे गुणसूत्रं नव्हतीच, फक्त दोन्हीकडून तारककेंद्राभोवतीच्या (विभाजनाचे तंतू जिथून फुटतात त्या ठिकाणाभोवतीच्या) तंतूंचे झुपके समोरासमोर आलेले! म्हणजे खाच कुठे पाडायची ते गुणसूत्रं नाही, ते तंतू ठरवतात. नंतर कळलं की या तंतूंच्या इशाऱ्यावर कमरेपाशी रो-ए नावाचं प्रोटीन चालू होतं आणि ते ॲक्टिन-मायोसिनला कामाला लावतं.

सांडण्याचं म्हणशील तर कडं पूर्ण मिटतच नाही. साधारण एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पूल दोन पेशींमधे उरतो, आत तुर्कतंतूंचा, म्हणजे विभाजनासाठी तयार झालेल्या तंतूंचा, घट्ट गठ्ठा. पुष्कळ पेशी असा पूल धरून तासभर, कधी जास्तही, बसून राहतात. शेवटचा तुकडा पाडायला मायोसिन नसतं, तिथे एस्कॉर्ट नावाची वेगळी प्रोटीन येतात, आवरणाच्या आतून वेटोळं घालतात आणि पूल इतका निमुळता करतात की दोन्हीकडचं आवरण आपापलं जुळून बंद होतं. आधी बंद, मग वेगळं, त्यामुळे सांडायला फट मिळतच नाही. एचआयव्हीचा विषाणू आपल्या पेशीतून बाहेर पडताना हीच यंत्रणा फुकट वापरतो, लबाड.

अजून एक हिशोब, वहीत करून बघ. एका गोलाचे तेवढ्याच एकूण घनफळाचे दोन सारखे गोल केले तर पृष्ठफळ 26 टक्के वाढतं. ते जास्तीचं आवरण पेशीला कुठून तरी आणावंच लागतं, त्यातलं काही आतल्या पिशव्या येऊन जोडल्या जातात त्यातून येतं.

प्रश्न: कडं तयारच झालं नाही तर पेशी मरते का? – एक वाचक, कराड

उत्तर: मरेलच असं नाही. एका पेशीत दोन केंद्रकं राहतात, एवढंच. आपल्या यकृतात अशा दोन केंद्रकांच्या पेशी भरपूर असतात आणि त्या निवांत काम करतात. दुसरीकडे मात्र हे जोखमीचं ठरू शकतं, दुप्पट गुणसूत्रं आणि जास्तीची तारककेंद्रं घेऊन ती पेशी पुन्हा विभागायला गेली की वाटणी चुकते, आणि काही कॅन्सरची सुरुवात अशीच होत असावी असं मानतात.

आणि तासगावच्या मुली, तुला हे डोळ्यांनी बघायचंय ना, तर पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर रानात साचलेल्या पाण्यात बेडकाची अंडी शोध. अंडं म्हणजे एकच पेशी, पण एक-दोन मिलिमीटरची, साध्या भिंगातून वरच्या काळ्या भागावर पडलेली खाच दिसते. तिथेच बघायची, उचलून घरी आणायची नाहीत. आणि उजाडायच्या आत जा, बहुतेक बेडूक रात्रीच अंडी घालतात, चहा-पोहे आटपून दहाला गेलीस तर एकाच्या शेकडो पेशी होऊन गेलेल्या असतील.