'औषधी वनस्पती' आणि 'औषध बनवणारी वनस्पती' यात फरक आहे

प्रश्न असा आलाय की झाडाच्या जनुकांत बदल करून त्याच्याकडून औषध बनवून घेतात, इंग्रजीत ज्याला फार्मिंग (pharming, शेतीवालं farming नव्हे) म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि अशा झाडांना 'जनुकीय सुधारित औषधी वनस्पती' म्हटलेलं चालेल का.

माझं स्पष्ट मत, नको. अडुळसा औषधी आहे, गुळवेल औषधी आहे, म्हणजे तो गुण त्यांच्यात मुळातच असतो. (मुळात ओषधी म्हणजेच वनस्पती, फळ पिकलं की मरून जाणारी, आणि औषध हा शब्द तिच्यावरूनच आलाय.) पण लसीतलं प्रथिन तयार करणारा मका औषधी नाही, त्याच्यात बाहेरचं जनुक घातलेलं असतं, आणि तो दिसायला मात्र साध्या मक्यासारखाच दिसतो, काळजीचं खरं कारण हेच आहे. २००२ साली अमेरिकेत नेब्रास्कात प्रोडिजीन कंपनीच्या अशाच मक्याची, म्हणजे डुकरांच्या लसीसाठी बदल केलेल्या मक्याची, शेतात सांडलेल्या दाण्यांतून रोपं उगवली ती त्याच शेतात पुढच्या हंगामात लावलेल्या सोयाबीनमध्ये, आणि कापणीनंतर तो मका मिसळलेला माल गोदामातल्या सुमारे ५ लाख बुशेल (धान्य मोजायचं अमेरिकी माप) सोयाबीनमध्ये मिसळला गेला. सगळा माल बाद करावा लागला, कंपनीला अडीच लाख डॉलर दंड झाला. आता अशा पिकाला आपण 'औषधी मका' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की अरे वा, खाल्ला तर चांगलाच! खाण्यासाठी नसलेल्या गोष्टीचं नाव असं गोड असू नये.

'सुधारित'चंही तेच. सुधारित बियाणं म्हटलं की आपल्याला जास्त उत्पन्न, कमी रोग असं काहीतरी डोळ्यापुढे येतं. इथे पीक म्हणून काहीच सुधारलेलं नसतं, फक्त बदललेलं असतं, म्हणून 'जनुकबदल केलेलं' म्हणा, नाहीतर सरळ जीएम, तो शब्द आता सगळ्यांना कळतो.

राहिलं फार्मिंग. देवनागरीत लिहिलं की ते आणि शेतीवालं फार्मिंग एकच दिसतं, त्यामुळे ते बादच. 'औषधशेती' काहीजण सुचवतात, ऐकायला छान आहे, पण त्याने अश्वगंधा-शतावरीची लागवड वाटते, आणि दुसरं म्हणजे हे काम दरवेळी शेतात होतच नाही. गॉशे या आजारावरचं एक एन्झाइम गाजराच्या पेशींत बनवतात, अमेरिकेत २०१२ला त्याला मान्यता मिळाली, पण त्या पेशी वाढतात बंद कारखान्यात, तिथे ना परागकण उडत ना दाणे सांडत. त्याला शेती म्हटलं तर उगाच नेब्रास्कासारखी भीती त्याच्याही माथी येते.

म्हणून मी एकूण तंत्राला 'वनस्पतींतून औषधनिर्मिती' म्हणेन आणि उघड्या शेतात वाढवलेलं असेल तेव्हा 'औषधोत्पादक जीएम पीक'. जरा लांब आहे, कबूल, पण बातमीत किंवा लेबलवर लिहिताना लांब चालेल, गैरसमज चालणार नाही.