जर्मनीत अमेरिकन पद्धतीचा नाश्ता कुठे मिळतो?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत सात वर्षं काढून स्टुटगार्टला आलात, मुलांना रविवारी पॅनकेक, बेकन आणि सॉसेजच हवं असतं, आणि इथे अमेरिकन दुकान कुठे आहे ते कळत नाही. स्टुटगार्टात अमेरिकन सैन्याचे तळ आहेत, तिथल्या कमिसरीत (सैन्याच्या किराणा दुकानात) सगळं मिळतं, पण त्यांचं ओळखपत्र नसेल तर तुम्हाला त्याचा उपयोग नाही. उरतात ती आयात मालाची दुकानं. तिथे जो पॅनकेक मिक्सचा डबा दामदुप्पट देऊन आणाल, त्यात मुख्यतः मैदा, साखर, मीठ आणि बेकिंग पावडर असते. हे सगळं रेवे-एडेकासारख्या इथल्या सुपरमार्केटात एका फडताळावर आहे.

आता तुम्ही म्हणाल, जर्मन बेकिंग पावडरने पॅनकेक फुगत नाहीत. माझ्या मेव्हण्याचंही हेच म्हणणं, दर खेपेला बॅगेत अमेरिकन डबा घेऊन येतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. पावडरीत काही खोट नाही. डॉ. एटकर कंपनीच्या बाकिन या बेकिंग पावडरची पुडी १६ ग्रॅमची असते आणि ती ५०० ग्रॅम मैद्यासाठी असते. ते प्रमाण केकचं. केक ओव्हनमध्ये पाऊण तास निवांत फुगतो, पॅनकेकला तव्यावर जेमतेम तीन-चार मिनिटं मिळतात, म्हणून त्याला दुप्पट लागते. दूध वापरणार असाल तर २५० ग्रॅम मैद्याला अख्खी पुडी. लोक अर्धी टाकतात आणि चपटं घावन झालं की जर्मनीच्या नावाने बोटं मोडतात.

त्यापेक्षा बुटरमिल्श घ्या, म्हणजे ताकच, पण दाटसर आणि बिनमिठाचं. ते इथे कुठल्याही दुकानात ५०० ग्रॅमच्या डब्यात मिळतं. २५० ग्रॅम मैदा (४०५ नंबरचा), अर्धी पुडी पावडर (उरलेलं काम ताक आणि सोडा करतात), अर्धा चमचा नाट्रॉन म्हणजे खायचा सोडा, २ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, २ अंडी, ५० ग्रॅम वितळलेलं लोणी. ताक आधी ४०० मिलीच घाला, कारण हा मैदा अमेरिकन मैद्यापेक्षा कमी ओलावा पितो. सोडा सढळ हाताने पडला तर साबणासारखी चव येते आणि आतून कच्चं असतानाच बाहेरून करपतं. गुठळ्या राहू द्या. मोडायला घोटत बसलात की पॅनकेक चिवट होतो. १० मिनिटं ठेवून मध्यम आचेवर टाका. कडेला फुटलेले बुडबुडे भोकासारखे उघडेच राहिले, आंबोळीला पडते तशी जाळी दिसली, की उलटा. आणि मोजायला वजनकाटाच. कपाने मोजलं तर एकाच कपात १२० ग्रॅम मैदाही मावतो आणि दाबून भरला तर १५०ही.

बेकन म्हणून पाकिटात जो फ्र्यूष्टुक्सश्पेक मिळतो तो कागदासारखा पातळ असतो. थंड तव्यात ठेवून मग गॅस लावला तर निदान जळत नाही. जाड हवा असेल तर खाटकाकडे धुरी दिलेला बाउखश्पेक (डुकराच्या पोटाकडचं मांस) मागा, कातडी काढून ३ मिलिमीटरचे काप.

सेज या सुगंधी पाल्याचं ब्रेकफास्ट सॉसेज मात्र इथल्या दुकानात शोधू नका, घरीच करा. ५०० ग्रॅम डुकराचा खिमा, ८ ग्रॅम मीठ, १ चमचा वाळलेला साल्बाय (तोच तो सेज), १ चमचा मिरपूड, अर्धा चमचा थाइम, २ चमचे साखर, चिमूटभर तिखट. कालवून दोन तास फ्रिजमध्ये, मग बोटभर जाडीच्या टिक्क्या. काउंटरवर ‘मेट’ नावाने जो खिमा असतो त्यात मीठ-मिरी आधीच असते. तो घेऊन वर ८ ग्रॅम मीठ घातलंत तर टिक्की तोंडात धरवणार नाही.

सिरप आल्डी किंवा डीएमचं चालतं, फक्त बाटलीवर आहॉर्नसिरुप, म्हणजे मेपल सिरप, लिहिलेलं हवं. हॅश ब्राउनला मेहलिशकोखेंड, म्हणजे शिजल्यावर पिठूळ होणारा बटाटा, किसून फडक्यात घट्ट पिळलेला. पाकिटातले बेगल हे भोक पाडलेले पाव आहेत, त्यावर पैसे घालवू नका.

तरी एक कबूल करतो, अमेरिकेच्या दक्षिणेकडचे पांढरे ग्रिट्स (मक्याचा जाडसर रवा) हवे असतील तर आयातवाल्या दुकानालाच शरण जावं लागेल. पोलेंटा, म्हणजे इटालियन मक्याचा रवा, बहुतेक पिवळी असते, चवही वेगळी. आणि रविवारी इथे दुकानं बंद असतात, खाटीक तर शनिवारी दुपारीच शटर ओढतो. तेव्हा खिमा शुक्रवारी-शनिवारी सीलबंद पाकिटाचा घ्या, तारीख बघून. ताक संपलं असेल तर रविवारी मोठ्या रेल्वे स्थानकातलं दुकान उघडं असतं.