गॅलप ७०, प्यू ५१: अमेरिकन जनमताचे आकडे वाचायचे कसे?

तुमचा प्रश्न असा आहे: २०२३ मध्ये गॅलप या अमेरिकन जनमत संस्थेला भारताबद्दल चांगलं मत असलेले अमेरिकन सुमारे ७० टक्के सापडले, त्याच वर्षी प्यू रिसर्च सेंटर या दुसऱ्या संस्थेला ५१ टक्केच. मग खरं कोणाचं? आणि अमेरिकन माणूस कोणाला मित्र मानतो, कोणाचा धोका मानतो, हे कळायला आकडा कोणाचा धरायचा?

खरं दोघांचंही. गॅलपने फेब्रुवारीत विचारलं, प्यूने मार्चमध्ये. एवढ्या दिवसांत भारताची पत १९ अंकांनी घसरावी असं काही घडलं नव्हतं. फरक आहे तो विचारण्याच्या पद्धतीत.

गॅलपचं फेब्रुवारीचं सर्वेक्षण फोनवर होतं. सुमारे १,००० प्रौढ, पलीकडे जिवंत माणूस प्रश्न वाचून दाखवतोय. प्यूचं सर्वेक्षण ऑनलाइन. घराच्या पत्त्यावर टपालाने आमंत्रण पाठवून त्यांनी कायमचं पॅनल, म्हणजे पुन्हा पुन्हा उत्तरं देणाऱ्यांचा ठरलेला गट, बांधलंय; ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांना टॅब्लेट दिला होता, आणि त्या पॅनलमधल्या साधारण ३,५०० लोकांनी स्क्रीनवर एकटं बसून उत्तरं दिली. ज्या देशाचा आपण कधी विचारच केला नाही त्याच्याबद्दल फोनवर कोणी विचारलं, तर माणूस सहसा 'ठीक आहे, बरा आहे' असं म्हणून मोकळा होतो. परक्या माणसासमोर उगाच वाईट कशाला बोला! स्क्रीनसमोर ती भीड नसते.

याचा पुरावा त्याच वर्षीच्या चीनच्या आकड्यांत आहे. चीनबद्दल अनुकूल मत गॅलपला १५ टक्के मिळालं, आणि प्यूला प्रतिकूल मत ८३ टक्के. म्हणजे दोघंही एकाच जागी पोचले. चीनबद्दल लोकांचं मत घट्ट आहे, म्हणून फोन असो की स्क्रीन, ते हलत नाही. भारताबद्दलचं मत पातळ आहे. प्यूच्या त्याच सर्वेक्षणात ४० टक्के अमेरिकनांनी नरेंद्र मोदींचं नावच ऐकलं नव्हतं. पातळ मत भांड्याचा आकार घेतं. ७० आणि ५१ मधली तफावत ही भारताबद्दलच्या अज्ञानाचं माप आहे असं मी समजतो, आणि कुठल्याही एका आकड्यापेक्षा ते माप मला जास्त कामाचं वाटतं.

त्यामुळे एका संस्थेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून 'वाढलं', 'घटलं' म्हणायचं नाही. एकाच संस्थेची, एकाच प्रश्नाची मालिका धरायची. त्यातही एक खड्डा आहे: संस्था मध्येच पद्धत बदलते. प्यूच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत होते, २०१८ पर्यंत ६ टक्के उरले, म्हणून ते हळूहळू ऑनलाइनकडे वळले. अशा बदलाच्या वर्षी रेघ वर किंवा खाली उडाली, तर आधी आलेखाखालची टीप वाचा, मग कारण शोधा.

आता प्रश्नाचा साचा. बातम्यांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

'मत अनुकूल की प्रतिकूल' हा एक प्रश्न झाला. 'भागीदार, स्पर्धक की शत्रू' हा दुसरा. प्यूच्या २०२५ च्या सर्वेक्षणात चीनबद्दल प्रतिकूल मत ७७ टक्के होतं, पण चीनला शत्रू म्हणणारे ३३ टक्केच, आणि स्पर्धक म्हणणारे ५६. '७७ टक्के अमेरिकनांना चीन शत्रू वाटतो' असा मथळा कोणी दिला तर तो सरळ चूक आहे. पट्टी बदलली की चित्र बदलतं. रशियासाठी हीच तीन खणांची पट्टी फार बोलकी आहे. जानेवारी २०२२ मध्ये रशियाला शत्रू म्हणणारे ४१ टक्के होते, युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्चमध्ये ७०. २०२४ मध्ये ६१, २०२५ मध्ये ५०.

तिसरा साचा खुल्या प्रश्नाचा. यादी वाचून दाखवायची नाही, 'अमेरिकेचा सर्वांत मोठा शत्रू कोणता देश?' एवढंच विचारायचं आणि जे नाव येईल ते लिहून घ्यायचं. गॅलप हा प्रश्न २००१ पासून विचारत आलंय. यात एका माणसाला एकच नाव घेता येतं, त्यामुळे सगळे मिळून शंभराच्या आत. एकाचा हिस्सा वाढला की दुसऱ्याचा घटणारच, दुसऱ्याने काही केलं असो वा नसो. २०१८ च्या फेब्रुवारीत ५१ टक्के लोकांनी उत्तर कोरियाचं नाव घेतलं. जूनमध्ये सिंगापूरला ट्रम्प आणि किम जाँग-उन भेटले. पुढच्या फेब्रुवारीत उत्तर कोरिया १४ टक्क्यांवर आला. किमची क्षेपणास्त्रं काही वितळली नव्हती. लोकांचं लक्ष उडालं आणि रशिया, चीन वर आले. हा प्रश्न धोक्यापेक्षा डोक्यात आधी काय येतं ते मोजतो. २०२३ मध्ये चीनचं नाव घेणारे ५० टक्के होते, २०२४ मध्ये ४१. त्या वर्षात लोक चीनच्या प्रेमात पडले, असा याचा अर्थ काढू नका; इराण आणि इतर नावांनी आपापला वाटा घेतला.

मित्रांच्या बाबतीत हीच चूक उलट्या बाजूने होते. प्यूने २०२५ मध्ये 'सर्वांत महत्त्वाचा मित्रदेश कोणता?' असं खुलं विचारलं. ब्रिटन १८ टक्के, कॅनडा १२, इस्रायल ९. 'फक्त १८ टक्के अमेरिकनांना ब्रिटन मित्र वाटतो' असं वाचून कोणी चकित झालं तर त्याने प्रश्न वाचलेला नाही. बाकीच्यांनी ब्रिटनला नाकारलेलं नसतं, त्यांच्या तोंडी पहिलं नाव दुसरं आलं किंवा कुठलंच आलं नाही. धोक्याच्या खुल्या प्रश्नात मात्र त्याच सर्वेक्षणात चीन ४२ आणि रशिया २५. शत्रूचं नाव पटकन सुचतं, मित्रांची नावं विखुरतात.

चौथा साचा यादीचा: दहशतवाद, सायबर हल्ले, चीन, हवामान बदल, प्रत्येकापुढे 'मोठा धोका, लहान धोका, धोका नाही'. इथे प्रत्येक ओळ स्वतंत्र असते, म्हणून सगळंच 'मोठा धोका' होऊ शकतं आणि बऱ्याचदा होतंही. खुल्या प्रश्नातले टक्के या टक्क्यांशेजारी मांडणं म्हणजे लिटर आणि किलोमीटरची तुलना.

पाचवा साचा मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्यात किंमत मोजावी लागते. शिकागो कौन्सिल ऑन ग्लोबल अफेअर्स ही संस्था १९७४ पासून परराष्ट्र धोरणावर जनमत घेते. ती विचारते की अमुक देशावर हल्ला झाला तर अमेरिकन सैन्य पाठवावं का. २०२१ मध्ये दक्षिण कोरियासाठी ६३ टक्के 'हो' म्हणाले, रशियाने बाल्टिक देशांपैकी (एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया) एखाद्या नाटो या लष्करी आघाडीच्या सदस्यावर हल्ला केला तर ५९, तैवानसाठी ५२. 'आवडतो' म्हणायला काही लागत नाही, 'आपली पोरं पाठवा' म्हणायला लागतं. तरीही हा 'जर-तर'चा प्रश्न आहे. शवपेट्या येऊ लागल्यावर हाच आकडा काय होईल, हे तो सांगत नाही.

प्रश्नांचा क्रमही बघा. १९४८ चा एक प्रयोग या विषयातला जुना नमुना आहे. 'रशियातल्या कम्युनिस्ट पत्रकारांना अमेरिकेत येऊन हवं ते वार्तांकन करू द्यावं का?' हा प्रश्न आधी विचारला तर सुमारे ३७ टक्के 'हो' म्हणाले. 'अमेरिकन पत्रकारांना रशियाने येऊ द्यावं का?' हे आधी विचारून मग तोच प्रश्न टाकला, तर ७३ टक्के 'हो'. आपल्यासाठी मागितलं की समोरच्याला नाकारणं जड जातं. म्हणून बातमीवर थांबू नका. संस्था 'टॉपलाइन' नावाची पीडीएफ देते, तिच्यात प्रश्न शब्दशः आणि क्रमाने छापलेले असतात.

आकडा किती वर-खाली होऊ शकतो, याचं एक साधं गणित जमवून ठेवा. नमुन्यातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, १०० ला त्याने भागा: एवढे अंक वर-खाली होऊ शकतात. १,००० माणसांना साधारण ३. वय, शिक्षण, वंश यांनुसार भारांकन केल्यावर, म्हणजे नमुना देशासारखा दिसावा म्हणून उत्तरांना कमी-जास्त वजन दिल्यावर, ते वाढतं, म्हणून गॅलप ४ सांगतं. दोन वर्षांची तुलना करताना याला १.४ ने गुणा. म्हणजे गॅलपच्या मालिकेत सहाएक अंकांच्या आतल्या हालचालीवर मी वाक्यसुद्धा लिहिणार नाही. २०२३ मध्ये अनुकूल मतात कॅनडा ८८ आणि ब्रिटन ८६ होते. 'कॅनडाने ब्रिटनला मागे टाकलं' ही बातमी होत नाही. आणि हजारातले रिपब्लिकन जर ३०० असतील, तर त्यांच्या आकड्यातली ही वर-खाली भारांकनानंतर सातच्या आसपास जाते.

हे पक्षनिहाय खण मात्र बघावेच लागतात, कारण सरासरी अनेकदा कोणाचीच नसते. प्यूच्या मोजणीत २०२४ मध्ये नाटोबद्दल अनुकूल मत ५८ टक्के होतं. डेमोक्रॅट बाजूला ७५, रिपब्लिकन बाजूला ४३. हवामान बदलाला 'मोठा धोका' म्हणणारे २०२२ मध्ये डेमोक्रॅट ७८ टक्के, रिपब्लिकन २३. इस्रायलबद्दल प्रतिकूल मत २०२२ मध्ये ४२ होतं, २०२५ च्या वसंतात ५३ झालं. त्यात डेमोक्रॅट ६९, रिपब्लिकन ३७.

लोक परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करून मत बनवत नाहीत, आपला नेता काय म्हणतो ते बघतात. रशियाला शत्रू म्हणणारे रिपब्लिकन २०२४ मध्ये ५८ टक्के होते, २०२५ मध्ये ४०. त्या वर्षभरात युद्ध चालूच होतं, बदललं होतं व्हाइट हाऊस. मित्रदेशही यातून सुटत नाही. फ्रान्सबद्दल अनुकूल मत गॅलपच्या मोजणीत फेब्रुवारी २००२ मध्ये ७९ होतं, वर्षभराने ५९, आणि इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केल्यावर मार्च २००३ मध्ये ३४. त्याच महिन्यात अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या कॅन्टीनमध्ये 'फ्रेंच फ्राइज'चं नाव बदलून 'फ्रीडम फ्राइज' केलं. बटाटे तेच. वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, फ्रान्स पुन्हा ८० च्या वर होता.

स्वस्त ऑनलाइन सर्वेक्षणांपासून जपून. जिथे कोणीही नाव नोंदवून पैसे किंवा गुण मिळवतो, तिथे भरभर टिचक्या मारणारे घुसतात, आणि तरुणांचे आकडे विशेष बिघडतात. प्यूने २०२४ मध्ये दाखवलं की अशा पॅनलवर तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी आपल्याकडे अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी चालवण्याचा परवाना आहे असं सांगितलं! असल्या पॅनलवरून 'अमेरिकन तरुणांना अमुक देश आवडू लागला' अशी बातमी आली तर ती बाजूला ठेवा.

आणि मत असणं म्हणजे माहिती असणं नव्हे. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर काही राज्यशास्त्रज्ञांनी २,०६६ अमेरिकनांना नकाशावर युक्रेन दाखवायला सांगितलं. सहांपैकी एकाला जमलं. ज्याचं बोट युक्रेनपासून जितकं लांब पडलं, तितका तो लष्करी हस्तक्षेपाच्या बाजूने जास्त होता.

राहिला भारत. वर्षागणिक कल बघायचा असेल तर गॅलपची फेब्रुवारीची मालिका घ्या, ती जुनी आणि एकसारखी आहे. मत किती खोल आहे ते बघायचं असेल तर प्यू, आणि त्यात 'माहीत नाही', 'ऐकलं नाही' हे खण आधी. प्यूच्या २०२५ च्या खुल्या प्रश्नात ३५ टक्के भारतीयांनी सर्वांत महत्त्वाचा मित्र म्हणून अमेरिकेचं नाव घेतलं. अमेरिकनांच्या उत्तरांत पहिल्या तीन नावांत भारत नाही.