गोळे दिसले तर पेंटागोनाइट म्हणू नका

ऐरोलीच्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: वाशीतल्या एका प्रदर्शनातून निळ्या स्फटिकांचा नमुना घेतला. चिठ्ठीवर फक्त ‘पेंटागोनाइट, पुणे’ लिहिलंय (पेंटागोनाइट हे एक दुर्मीळ निळं खनिज). हे खरं का, साफ कसं करायचं, नोंद काय ठेवायची आणि पावसाळ्यात कुठे ठेवायचं?

फोटोत स्टिलबाइट या पांढुरक्या खनिजावर ५-६ मिमीचे गोल झुबके दिसतात. हा बहुधा कॅव्हन्साइट, म्हणजे दुसरंच एक निळं खनिज आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांतून ते नाव आलं. हे खनिज प्रथम अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं आणि १९७३ मध्ये पेंटागोनाइटसोबत त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. पण जगभरच्या संग्रहांतले उत्तम नमुने आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले. कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट दोघांचं रासायनिक सूत्र एकच, अणूंची मांडणी वेगळी. निळा रंगही दोघांना व्हॅनेडियममुळेच येतो. म्हणून रंगावरून निवाडा करू नका, आकार बघा. कॅव्हन्साइटचे स्फटिक सहसा एका केंद्रातून चहूबाजूंनी फुटून गोळा किंवा फुलासारखा झुबका करतात. पेंटागोनाइटचे सुटे, लांबट, पात्यासारखे काटे असतात. त्याचे पाच स्फटिक जुळून वाढले की आडव्या छेदात पाच टोकांची चांदणी दिसते, नाव त्यावरूनच पडलं. १० पट भिंगातून काट्याच्या टोकाकडून सरळ बघा. पेंटागोनाइट कितीतरी दुर्मीळ आणि महाग, त्यामुळे चिठ्ठीवरचं नाव त्याच दिशेने सरकतं. भिंगाने शंका फिटली नाही तर प्रयोगशाळेत एक्सआरडी (क्ष-किरणांनी) किंवा रामन (लेसरने) तपासणी करा, त्यांत अणूंची मांडणी ओळखता येते. नुसती मूलद्रव्यं मोजणारी तपासणी इथे निरुपयोगी, कारण दोघांत मूलद्रव्यं तीच निघणार.

त्याआधी मात्र गोळे चिकटवलेले नाहीत ना, ते तपासा. खाणीत सुटे पडलेले गोळे स्टिलबाइटवर डकवून विकले जातात. खऱ्या नमुन्यात गोळ्याच्या बुडाशी शेजारचे स्फटिक घुसलेले किंवा थोडे अंगावर चढलेले दिसतात. चिकटवलेला गोळा बहुतेकदा तुटक्या पृष्ठभागावर किंवा दगडाच्या भुकटीच्या थरावर बसलेला असतो आणि कडेला चकाकणारी रेघ किंवा बारीक बुडबुडे असतात. अंधारात ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारली की बऱ्याच गोंदांची निळसर-पांढरी रेघ उजळते. सोबत असलेलं कॅल्साइट हे खनिजही कधी कधी चमकतं, पण ते रेघेत चमकत नाही. बुडाशी ॲसिटोनचा बोळा लावला तर काही गोंद मऊ होतात. इपॉक्सी सहज दाद देत नाही, म्हणून बोळा कोरडा आला याचा अर्थ नमुना अस्सल, असं नाही. कापसासारखे मऊ निळे गोळे दिसले तर तो रंगवलेला ओकेनाइट, हे वेगळंच खनिज. ओकेनाइट मुळात पांढरा असतो. ओल्या बोळ्यावर निळं उतरलं तर संशय फिटला, न उतरलं तरी तो रंग त्याचा नाही.

सफाई: फुंकणीने धूळ उडवा, मग रंगकामाच्या मऊ ब्रशाने साधं पाणी, बस. कॅव्हन्साइटचं काठिण्य मोह्स मापनावर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) ३ ते ४ आहे आणि काटे ठिसूळ, म्हणून दात घासायचा ब्रश नको, अल्ट्रासोनिक यंत्रही नको. व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर तर मुळीच नको. नमुन्यात कॅल्साइट असेल तर ते फसफसून त्याची चमक जाते आणि आम्लाने स्टिलबाइटही खराब होतो. हेअर ड्रायरने सुकवू नका. या खनिजांच्या रचनेतच पाणी असतं, सावलीत सुकू द्या.

खरा जीव नोंदीत आहे. वाघोलीच्या कॅव्हन्साइटचा पत्ता हरवला तर तो नुसता सुंदर निळा दगड उरतो. तुमची नोंद अशी असावी: ‘क्र. १४. कॅव्हन्साइट, स्टिलबाइटवर. मूळ चिठ्ठीत: पेंटागोनाइट, पुणे. ७४ × ५२ × ३८ मिमी. सर्वांत मोठा गोळा ६ मिमी. गडद निळा, काचेसारखी चमक. डावीकडचे दोन गोळे खरवडलेले. वाशी, प्रदर्शन, दिनांक, किंमत.’ खाणीचं नाव खात्रीने माहीत नसेल तर अंदाजाने ‘वाघोली’ लिहू नका. विक्रेत्याला विचारा आणि त्याने सांगितलं तर ‘विक्रेत्याच्या सांगण्यावरून’ हे शब्द जोडा. एकदा लिहिलेला अंदाज दहा वर्षांनी पुरावा म्हणून वाचला जातो. मूळ चिठ्ठी चुकीची असली तरी फेकू नका. क्रमांक नमुन्याच्या मागच्या ओबडधोबड भागावर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाच्या ठिपक्यावर काळ्या पक्क्या शाईने लिहा. रंगाचं वर्णन दिवसाच्या उजेडात करा. फोनचे कॅमेरे हा निळा फार भडक दाखवतात, शेजारी पांढरा कागद आणि मोजपट्टी ठेवा.

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात कॅव्हन्साइटला फारसं काही होत नाही. बुरशी धरते ती पुठ्ठ्याला आणि शाई फुटते ती चिठ्ठीची. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा पारदर्शक डबा घ्या, तळाला नमुने बसवायच्या मऊ चिकट पुट्टीवर नमुना बसवा, चिठ्ठी झिपच्या पिशवीत घाला, सिलिका जेलची एक छोटी पुडी पुरे. जेलचा भडिमार नको. त्याच डब्यात लोमोंटाइट (रचनेत पाणी असलेलं आणखी एक खनिज) असेल तर तो कोरडा पडून पांढरा होतो आणि भुगा होत जातो, त्याला वेगळा डबा द्या. आणि कापसात गुंडाळू नका: धागे काट्यांत अडकतात आणि काढताना टोकं मोडतात.