'आमची रोजची भाकर' : प्रभूच्या प्रार्थनेतल्या 'एपिऊसिओस' या शब्दाचा अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असं आपण म्हणतो, पण लॅटिन बायबलमध्ये त्याच जागी काहीतरी वेगळाच, गूढ शब्द आहे असं कुठेतरी वाचलं. मग मूळ ग्रीक शब्द कोणता, आणि मराठी भाषांतर चुकलंय का?

आधी उत्तर देतो. मूळ शब्द 'एपिऊसिओस'. मराठी भाषांतर चुकलेलं नाही, पण 'रोजचा' हा त्या शब्दाचा नेमका अर्थही नाही. माझ्या मते 'येणाऱ्या दिवसाची भाकर' हा अर्थ मुळाच्या सगळ्यात जवळ जातो.

हा शब्द मुळातच विलक्षण आहे. नव्या करारात तो दोनच ठिकाणी येतो, मत्तय ६:११ आणि लूक ११:३, आणि दोन्हीकडे याच प्रार्थनेत. 'दिदाखे' नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत ही प्रार्थना दिली आहे, तिथेही तो आहे. पण त्याआधीच्या सबंध ग्रीक साहित्यात तो कुठेच सापडत नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाची तर मातृभाषाच ग्रीक. तो स्पष्ट लिहितो की हा शब्द विद्वानांच्या लिखाणात नाही, सामान्य माणसांच्या बोलण्यातही नाही; शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो.

मध्यंतरी एक पुरावा सापडल्यासारखं वाटलं होतं. इजिप्तमधल्या हवारा इथे मिळालेल्या एका पपायरसचं, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचं, वाचन १८८९ मध्ये छापलं गेलं. त्या पपायरसवर घरखर्चाची यादी होती आणि तिच्यात 'एपिऊसि...' असा अर्धवट शब्द असल्याचं सांगितलं गेलं. झालं, रोजच्या शिधासामग्रीसाठी हा बाजारातला साधा शब्द होता, असं कोशांतून येऊ लागलं. मूळ पपायरस मात्र हरवलेला होता, त्यामुळे कुणाला पडताळताही येईना. १९९८ मध्ये तो अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. पुन्हा वाचला, तर तिथे 'एलाइऊ' निघालं, म्हणजे तेल! एकुलता एक बाहेरचा साक्षीदार गेला आणि आपण पुन्हा ओरिगेनपाशी आलो.

मग अर्थ लावायचा तो शब्दाची फोड करूनच. दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग 'एपि' आणि 'ऊसिया' असा. ऊसिया म्हणजे अस्तित्व, सत्त्व. यातून 'जगण्यापुरती लागणारी भाकर' असा अर्थ निघतो, किंवा 'सत्त्वापलीकडची भाकर' असाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने बायबलचा लॅटिन पाठ सुधारताना मत्तयात हाच दुसरा अर्थ घेतला आणि 'सुपरसुब्स्तान्तिआलेम' असा शब्द ठेवला. तुम्ही वाचलंत ते हेच. गंमत म्हणजे लूकमध्ये त्याच ग्रीक शब्दासाठी त्याने 'कोतिदिआनुम', म्हणजे 'दररोजचा', असं ठेवलं. उपासनेत लोकांच्या तोंडी राहिला तो हा 'कोतिदिआनुम'.

या फोडीत एक व्याकरणाची अडचण आहे. 'एपि'पुढे स्वर आला की त्यातला 'इ' सहसा गळतो. 'स्वर्गीय' या अर्थाचा शब्द 'एपूरानिओस' असा होतो, 'एपिऊरानिओस' होत नाही. त्या हिशेबाने इथे 'एपूसिओस' व्हायला हवं होतं. अपवाद आहेत, अगदी मत्तय ५:३३ मधल्या 'खोटी शपथ' या अर्थाच्या क्रियापदात तो 'इ' टिकलेला आहे. त्यामुळे ही फोड अशक्य म्हणता येत नाही, पण ती सरळही नाही.

दुसरा मार्ग 'एपिएनाइ' या क्रियापदाचा : येऊ घातलेलं असणं, पाठोपाठ येणं. त्याचं स्त्रीलिंगी रूप 'एपिऊसा', आणि 'हे एपिऊसा' म्हणजे 'येणारा दिवस'. ग्रीकमध्ये दिवस स्त्रीलिंगी. हा प्रयोग मात्र चांगला वापरातला आहे. प्रेषितांची कृत्ये १६:११ पाहा. पौल आणि सोबती त्रोवसाहून जहाजाने सरळ समथ्राकेस जातात आणि 'तेए एपिऊसेए', दुसऱ्या दिवशी, नियापुलीस. त्याच पुस्तकात ७:२६, २०:१५ आणि २१:१८ मध्येही तो आहे. हे पुस्तकही लूकचंच मानलं जातं, म्हणजे हा प्रयोग त्याच्या रोजच्या लेखणीतला. 'एपिऊसिओस' हे त्याचं विशेषण मानलं की 'इ'ची अडचणच उरत नाही. शिवाय जेरोमने एक मोलाची नोंद करून ठेवली आहे : इब्री लोकांच्या शुभवर्तमानात (बायबलबाहेरचं, आता हरवलेलं एक जुनं ख्रिस्ती पुस्तक) या जागी 'उद्याचा' अशा अर्थाचा शब्द आपल्याला आढळला.

'रोजचा' हा अर्थ नेमका का नाही, हे लूकच्या वाक्यात दिसतं. तिथे 'एपिऊसिओस'च्या जोडीला 'दररोज' असा वेगळा शब्दप्रयोग आहेच. म्हणून मराठीत 'आमची रोजची भाकर रोज आम्हांला दे' असं दोनदा 'रोज' येतं. ग्रीकमध्ये ही पुनरुक्ती नाही. लूक म्हणतो : येणाऱ्या दिवसाची भाकर दररोज देत जा.

आता तुम्ही म्हणाल, मत्तयाच्या त्याच अध्यायात 'उद्याची चिंता करू नका' असं येशू सांगतो, मग उद्याची भाकर कशी मागायची? मला यात विरोध दिसत नाही. सकाळी प्रार्थना केली तर 'येणारा दिवस' म्हणजे समोरचा आजचाच दिवस. संध्याकाळी केली तर उद्याचा. जे मागून टाकलं, त्याची चिंता उरत नाही. ज्यांनी ही प्रार्थना पहिल्यांदा ऐकली, त्यांच्यात हातावर पोट असलेले कितीतरी असतील. मत्तय २० मधले द्राक्षमळ्यातले मजूर आठवा : सकाळी चौकात उभे, संध्याकाळी एक दिनार हातात. लेवीय १९:१३ ची आज्ञाच आहे की मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नको, कारण त्या पैशावर घरी पुढच्या दिवसाची चूल पेटायची. आपल्याकडेही मजुरीला 'रोज' म्हणतात. 'रोजची भाकर' ऐकताना रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या मनात जे येतं, ते या ग्रीक शब्दापासून फार दूर नाही. मला तर ही मराठी ओळ इंग्रजीपेक्षा मुळाच्या जवळची वाटते.

निर्गम १६ मधला मान्नाही, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, सोबत वाचा : त्या त्या दिवसापुरताच गोळा करायचा, साठवला तर किडायचा, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट.

'सत्त्वापलीकडची भाकर' म्हणजे प्रभुभोजनातली, उपासनेत येशूच्या आठवणीने घेतली जाणारी भाकर, असाही अर्थ लावतात; तो चूक का, असंही तुमच्या मनात असेल. कॅथलिक धर्मशिक्षणात पोटाची भाकर आणि जीवनाची भाकर असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत, आणि येशू स्वतःला 'जीवनाची भाकर' म्हणतो तो योहान ६ वाचून प्रार्थना करणाऱ्याला तो दुसरा अर्थ सुचणं साहजिक आहे. पण त्यासाठी 'एपिऊसिओस' या शब्दाचा आधार घेऊ नका, तो कच्चा आहे. योहान ६ चा आधार पुरेसा आहे. आणि पोटाच्या भाकरीचा अर्थ कमी दर्जाचा मानू नका, कारण सिरियाक पेशित्ता या जुन्या भाषांतरातही या जागी 'आमच्या गरजेची भाकर' असंच आहे.