ऑनलाइन ट्रेनिंगच्या कोर्सला मशीनचा आवाज दिला तर शिकणारे वैतागतात का?

आवाज चुकीच्या भाषेचा निवडलात तर नक्की वैतागतात. मी ते करून बसलोय.

सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यासाठी मी नव्या कामगारांचे छोटे धडे बनवतो. सुरुवातीला हाताशी असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आवाज नव्हता, म्हणून हिंदी आवाजाला मराठी मजकूर दिला. लिपी एकच, त्या आवाजातल्या बाईंनी बिनतक्रार वाचून टाकलं. 'चाक'मधला च 'चिंच'मधल्यासारखा, 'जाड सूत'मधला ज 'जीभ'मधल्यासारखा, 'ज्ञान'चं 'ग्यान'. सुताचा 2/20 नंबर, ज्याला आम्ही सगळे 'दोन-वीस' म्हणतो, तो झाला 'दो बटा बीस'. पोरं हसून बेजार. धडा कुणाच्याच डोक्यात शिरला नाही.

आता मायक्रोसॉफ्टचे 'आरोही' आणि 'मनोहर' हे मराठी आवाज वापरतो. गूगलकडेही मराठी आहे. फरक जमीन-अस्मानाचा, पण मजकूर कानासाठी लिहावाच लागतो. आकडे, संक्षेप मी अक्षरांतच लिहितो. एका दमात म्हणता येणार नाही ते वाक्य तोडतो. आमच्याकडे बऱ्याच विणकरांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांच्यासाठी आधी वेग कमी केला, तर आवाज दारू प्यायल्यासारखा यायला लागला. मग वेग होता तसा ठेवून प्रत्येक कृतीनंतर एसएसएमएलच्या (मशीनने मजकूर कसा वाचायचा ते सांगणाऱ्या खुणांच्या) 'ब्रेक' टॅगने सेकंदभर थांबा दिला, तेव्हा जमलं. आणि बोललेलं सगळंच्या सगळं स्क्रीनवर छापू नका. माणूस वाचायला लागतो, ऐकणं राहून जातं. स्क्रीनवर कांडी, म्हणजे सूत गुंडाळलेली नळी, नि ती घेऊन मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचं चित्र पुरे.

मशीनचा खरा फायदा दुरुस्तीत. एखादी सूचना बदलली की तेवढंच वाक्य दोन मिनिटांत नवं होतं. स्वतः रेकॉर्ड करायचं तर मे महिन्यात पंखा बंद करून बसा! इथल्या 42 अंशांत मी ते एकदाच केलं.

फक्त 'माग चालू असताना धोट्याजवळ हात नेऊ नका' हे वाक्य मशीनला दिलेलं नाही. ते आमच्या जुन्या जॉबरमामांच्या (माग लावून देणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) आवाजात आहे, मागे मागांचा खडखडाट ऐकू येतो तसाच ठेवून. मामांच्या उजव्या हाताला चारच बोटं आहेत, हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे.