मदतनीस प्रोग्रॅम शोधायचा कुठे: पाथमध्ये, शेजारी की ठरलेल्या जागी?

प्रश्न थोडक्यात असा की बॅकअपचं एक कमांड-लाइन टूल लिहिलंय, त्याच्यासोबत तीन छोटे मदतनीस प्रोग्रॅम येतात, मग मुख्य टूलने ते पाथ व्हेरिएबलमधून (कमांड कुठल्या डिरेक्टरींमध्ये, कुठल्या क्रमाने शोधायची त्याची यादी) शोधायचे, कंपाइल करताना पूर्ण पत्ता पक्का करायचा, की स्वतःच्या शेजारी बघायचं.

आधी एक ठरवा, तो प्रोग्रॅम तुमचा आहे की दुसऱ्याचा? टार (फायली एकत्र बांधणारा) किंवा एसएसएच (दुसऱ्या मशीनशी जोडणारा) असा प्रोग्रॅम बोलवत असाल तर खुशाल पाथमधून घ्या, कुठला टार वापरायचा हा युजरचा हक्क आहे. पण जो मदतनीस तुमच्याच पॅकेजमधून येतो आणि जो कोणी हाताने कधी टाइप करणार नाही, तो पाथमध्ये शोधू नका, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

कारण अनुभव. एका सर्व्हरवर डिस्ट्रोचं, म्हणजे तिथल्या लिनक्स वितरणाचं, जुनं पॅकेज यूएसआर-बिनमध्ये होतं आणि नवीन व्हर्जन आम्ही सोर्सवरून बिल्ड करून यूएसआर-लोकलमध्ये टाकलेलं. टर्मिनलवर सगळं व्यवस्थित चालायचं कारण तिथे पाथमध्ये लोकल आधी येतं, पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सेवा) पूर्ण पत्ता देऊन चालवलं की मुख्य टूल नवीन आणि मदतनीस जुना, कारण क्रॉनच्या पाथमध्ये बऱ्याचदा यूएसआर-बिन आणि बिन एवढंच असतं. जुन्या मदतनीसाला नवीन ऑप्शन कळायचा नाही आणि तो एरर न देता सरळ सोडून द्यायचा, त्यामुळे बॅकअप होतोय असं दिसायचं पण अर्ध्या फायली त्यात नसायच्या. प्रोग्रॅम सापडलाच नाही तर निदान लगेच कळतं हो, भलताच सापडला की रिस्टोअर करायची वेळ येईपर्यंत पत्ता लागत नाही.

गिटचं, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलचं बघा. पूर्वी त्याच्या गिट-डॅश-अमुक अशा शंभरच्या वर कमांड थेट बिनमध्ये पडलेल्या असायच्या, २००८ च्या १.६.० मध्ये त्या लिबएक्सेक, म्हणजे फक्त दुसऱ्या प्रोग्रॅमने चालवायच्या प्रोग्रॅमसाठीच्या डिरेक्टरीखाली हलवल्या. तरी तुम्ही स्वतः गिट-डॅश-काहीतरी नावाची स्क्रिप्ट पाथमध्ये ठेवलीत तर गिट ती चालवतं, फक्त स्वतःची डिरेक्टरी आधी बघतं. मला हीच मांडणी योग्य वाटते, घरचे प्रोग्रॅम ठरलेल्या जागी आणि बाहेरच्यांच्या प्लगिनसाठी पाथ. यूएसआर-लिबएक्सेक ही जागा फाइलसिस्टिम स्टँडर्डच्या ३.० आवृत्तीतही आहे, २०१५ पासून.

टूल रूटने (सगळे अधिकार असलेला युजर) किंवा सेटयूआयडीने (कोणीही चालवलं तरी फाइलच्या मालकाचे, बहुधा रूटचे, अधिकार मिळतात) चालणार असेल तर प्रश्न आणखी गंभीर. जानेवारी २०२२ मध्ये पीकेएक्झेक या दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या सेटयूआयडी टूलमधला पॉनकिट बग बाहेर आला, तो २००९ पासून कोडमध्ये होता. आर्ग्युमेंटची यादी पूर्ण रिकामी दिली की ते यादीच्या हद्दीबाहेर जाऊन एन्व्हायर्नमेंटमधली (प्रोग्रॅमला मिळणाऱ्या व्हेरिएबलची यादी) पहिली नोंदच प्रोग्रॅमचं नाव समजायचं, ते नाव पाथमध्ये शोधायचं आणि सापडलेला पत्ता परत त्याच जागी लिहायचं, म्हणजे लोडरने (प्रोग्रॅम मेमरीत चढवणारा भाग) काढून टाकलेलं धोकादायक व्हेरिएबल पुन्हा आत, आणि साधा युजर रूट. मूळ चूक हद्दीबाहेर वाचण्याची हे खरं, पण पाथमधला शोध मध्ये नसता तर हा रस्ता मिळाला नसता.

'शेजारी बघ' ही पद्धत टूल कुठेही उचलून ठेवायचं असेल तर चांगली आहे, जीसीसी कंपाइलरचा अख्खा फोल्डर हलवला तरी तो आपला सीसी-वन हा मदतनीस बरोबर शोधतो. फक्त आर्गव्ही-झीरोवर (आर्ग्युमेंटच्या यादीतली पहिली नोंद, म्हणजे प्रोग्रॅमचं नाव) भरवसा ठेवू नका, तिथे बोलवणारा वाट्टेल ते देऊ शकतो. लिनक्सवर प्रॉक-सेल्फ-एक्झी (चालू प्रोग्रॅमच्या फाइलचा पत्ता देणारी लिंक) वाचा, पण चालू असताना पॅकेज अपग्रेड झालं तर त्या पत्त्याच्या शेवटी 'डिलीटेड' असं चिकटून येतं ते सांभाळा, आणि सेटयूआयडी टूलमध्ये ही पद्धत नकोच.

तुमच्या बॅकअप टूलसाठी मी असं करीन: लिबएक्सेकचा पत्ता बिल्डच्या वेळी ठरेल, पॅकेज करणाऱ्याला तो बदलता येईल, कारण प्रत्येक डिस्ट्रोची जागा वेगळी असते. टेस्टसाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा, नाहीतर इन्स्टॉल न करता टेस्ट चालवता येणार नाहीत, पण ते सिक्युअर-गेटएन्व्ह या फंक्शनने वाचा म्हणजे सेटयूआयडी असताना ते आपोआप रिकामं येईल. सुडोने (रूट म्हणून कमांड चालवू देणारं टूल) रूट झालात तर मात्र हे संरक्षण नाही, तिथे सुडोचं स्वतःचं एन्व्हायर्नमेंट साफ करणं कामाला येतं. मदतनीस सुरू होताच मुख्य टूलशी व्हर्जन जुळवू दे आणि जुळलं नाही तर काम तिथेच थांबवू दे, आमच्या सर्व्हरवर एवढं असतं तर पहिल्याच रात्री कळलं असतं. आणि एररमध्ये नुसतं 'सापडला नाही' न लिहिता कुठल्या पूर्ण पत्त्यावर शोधलं तेही छापा.